मोरोंची नागमोडी तलवार अरबांची? नाही हो

एक मजकूर सध्या गटागटांत फिरतोय. त्याचं सार असं: दक्षिण फिलिपिन्समधल्या मोरो मुसलमानांची नागमोडी क्रिस तलवार अरबांनी आणली, अरबांनीच ती बेटं जिंकून सुलू आणि मागिंदानाओच्या सल्तनती उभारल्या, त्याआधी तिथे नुसतं जंगल होतं. सोबत तलवारीचा झोकदार फोटो. फोटो खरा असेल. बाकीचं एकेक पाहू.

आधी तलवार. अरबी सैफ, म्हणजे तलवार, एकतर सरळ असते, नाहीतर एकीकडे वाकलेली. क्रिसचं मूळ घराणं जावाचं. तिथल्या लावू डोंगरावरच्या 15व्या शतकातल्या सुकुह मंदिरात एका शिल्पपटावर लोहारशाळा कोरलेली आहे: भीम पाती घडवतोय, अर्जुन भाता चालवतोय आणि मधे चक्क गणपती नाचतोय. (म्हणून ‘तलवार आपलीच’ असा उलटा मजकूर कुणी सोडू नये, ही विनंती.)

पण मोरोंनी ती जशीच्या तशी उचलली नाही. जावाची क्रिस लहान, भोसकायची. मोरोंची लांब, रुंद, दुधारी, सपकन घाव घालायची. असा घाव बसला की पातं मुठीत हलू लागतं, म्हणून त्यांनी मुठीजवळ धातूची आवळपट्टी बसवली, कधी एक, कधी दोन. तिला म्हणतात आसांग-आसांग. जावाच्या क्रिसला ती लागतच नाही. मुठीचं टोक बऱ्याचदा काकाकुव्याच्या डोक्यासारखं कोरलेलं. आणि कितीतरी मोरो क्रिस तर नागमोडी नसून सरळसोट असतात! सुलूच्या ताउसुग लोकांची पानाच्या आकाराची बारोंग आणि टोकाकडे रुंदावत जाणारी कांपिलान तर मजकूर लिहिणाऱ्याच्या गावीही नसाव्यात.

आता ‘जिंकून’. कोणती लढाई, कोणतं सैन्य? मजकुरात एकही नाव नाही. सुलूची तारसिला, म्हणजे राजघराण्याची वंशावळ, वेगळंच सांगते. सुमात्राच्या मिनांगकाबाउहून आलेला राजा बागिंदा तिथे आधीच राज्य करत होता. 1450च्या सुमारास आलेल्या शरीफ उल-हाशिमने त्याच्या मुलीशी, परमिसुलीशी लग्न केलं आणि तो पहिला सुलतान झाला. तलवार कमी, सोयरीक जास्त. मागिंदानाओची सल्तनत उभारणारा शरीफ काबुंगसुवानही परंपरेनुसार आला तो मलाय द्वीपकल्पातल्या जोहोरहून. म्हणजे वाट पुन्हा मलय जगातलीच. सुलतान ही पदवी, लिपी, शरियत ही अरबी देणगी, तिला कोण नाकारतंय? पण तिच्या शेजारी ‘दातू’ (सरदार) हा मलय शब्द आणि ‘राजा’ हा संस्कृत शब्दही सुखाने नांदत राहिले.

‘नुसतं जंगल’ हे मात्र हद्द झालं. 1417 मध्ये, म्हणजे सल्तनतीच्या तीसेक वर्षं आधी, सुलूचा राजा पादुका बातारा तीनशेहून जास्त माणसं घेऊन चीनच्या मिंग सम्राट योंगलच्या दरबारी गेला होता. परतीच्या वाटेवर शानडोंगमधल्या देझोऊला तो वारला. सम्राटाने त्याची राजेशाही कबर बांधवली, दोन मुलं तिच्या राखणीला तिथेच राहिली. त्यांचे वंशज आजही त्या परिसरात आहेत.

राहता राहिलं ‘मोरो’ हे नाव. तेही अरबांचं नव्हे. ज्या स्पॅनिशांशी मोरो तीन शतकं लढले, त्यांनीच स्पेनमधल्या मूर मुसलमानांवरून ते यांना चिकटवलं.