एच-वन-बीचं दावं: फिरत्या मेसेजमधलं खरं किती?

"एच-वन-बी म्हणजे कंपनीने गळ्यात बांधलेलं दावं. सोडून जायचं म्हटलं तर कंपनीची परवानगी लागते, पुन्हा लॉटरी लागते, वर १ लाख डॉलरचा भुर्दंड. ग्रीन कार्डची रांग शून्यापासून. बॉण्डचे पैसे वेगळे. नोकरी गेली तर त्याच दिवशी बॅगा भरा. तेव्हा आहात तिथे गप राहा."

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एच-वन-बीबद्दलचा, म्हणजे तिथल्या कंपनीच्या नावाने मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसाबद्दलचा, हा मेसेज बरेच दिवस फिरतो आहे. मागच्या रविवारी तो न्यू जर्सीतल्या एडिसनला माझ्या स्वयंपाकघरात पोचला. नाशिकचा एक मुलगा फोल्डर घेऊन आला होता. पाच वर्षं एकाच कन्सल्टिंग कंपनीत आहे, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसापेक्षा बराच कमी पगार घेतो. दुसऱ्या कंपनीची ऑफर हातात होती आणि हा मेसेज वाचून तो ती नाकारायला निघाला होता. मला फार वाईट वाटलं, म्हणून हे लिहायला बसलो. मी वकील नाही. पण या व्हिसावर तीनदा नोकरी बदलली आहे आणि दर वेळी नियम स्वतः वाचले आहेत.

आधी परवानगीचं बघू. गोंधळ आपल्या बोलण्यातच आहे. आपण 'एच-वन ट्रान्सफर' म्हणतो, त्यामुळे जुन्या कंपनीने काहीतरी सोडून द्यायचं असतं असं वाटतं. तसं काही नसतं. नवी कंपनी तुमच्यासाठी स्वतःचं नवं पिटिशन, म्हणजे इमिग्रेशन खात्याकडचा अर्ज, भरते. जुन्या कंपनीची सही, ना-हरकत पत्र, काहीही लागत नाही, आणि पिटिशन दाखल होईपर्यंत तिला कळवायचीही गरज नसते. २००० साली अमेरिकन संसदेने केलेल्या कायद्याने तर पुढची सोय दिली: तुमचा मुक्काम कायदेशीर असेल, विनापरवाना काम केलेलं नसेल आणि मुदत संपायच्या आत पिटिशन दाखल झालं असेल, तर मंजुरीची वाट न पाहता नव्या ठिकाणी काम सुरू करता येतं. तरी माझा सल्ला विचाराल तर मंजुरी हातात येईपर्यंत थांबा. पिटिशन नाकारलं गेलं आणि तोवर जुनी मुदतही संपलेली असली, तर पायाखाली जमीन उरत नाही. प्रीमियम प्रोसेसिंगमध्ये, म्हणजे जादा फी भरून, कामकाजाच्या १५ दिवसांत काहीतरी उत्तर येतं. तेवढा धीर धरावा.

लॉटरी एकदाच. वर्षाच्या ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांच्या २०,००० जागांमध्ये तुमची मोजणी एकदा झाली की एच-वनच्या एकूण सहा वर्षांतल्या उरलेल्या काळासाठी पुन्हा होत नाही.

१ लाख डॉलरची भीती सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेतून आली, तिने नव्या एच-वन-बी पिटिशनवर तेवढं शुल्क लावलं. त्या शनिवार-रविवारी विमानतळांवर जी पळापळ झाली ती विसरण्यासारखी नाही, त्यामुळे लोक घाबरले यात नवल नाही. पण ऑक्टोबरमध्ये इमिग्रेशन खात्याने खुलासा केला: जो माणूस अमेरिकेतच कायदेशीरपणे राहतो आहे आणि ज्याची मुदतवाढ इथल्या इथे मंजूर होते, त्याच्या पिटिशनला हे शुल्क नाही. मात्र आधीच स्टेटस, म्हणजे कायदेशीर मुक्कामाची अट, मोडलेलं असेल आणि खात्याने मुदतवाढ नाकारली, तर शुल्क लागू शकतं. म्हणून पगाराच्या सगळ्या स्लिपा जपून ठेवा. स्टेटस शाबूत असल्याचा तोच मोठा पुरावा.

आता ग्रीन कार्ड. माणसं खरी अडकतात ती इथे. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे भारतीयांची रांग दशकाहून लांब झाली आहे. त्या रांगेतला तुमचा नंबर म्हणजे प्रायॉरिटी डेट: तुमचा पर्मचा अर्ज (ग्रीन कार्डची पहिली पायरी, या जागेसाठी अमेरिकन कामगार मिळत नाही असं कंपनीने दाखवायचं) कामगार खात्याकडे दाखल झाला तो दिवस. मेसेज म्हणतो, कंपनी सोडली की ही तारीख गेली. आय-१४०, म्हणजे पर्मनंतर कंपनीने तुमच्या ग्रीन कार्डसाठी भरायचा अर्ज, मंजूर झालेला असेल तर हे साफ चूक आहे. फसवणूक, खोटी माहिती किंवा खात्याची गंभीर चूक निघाली किंवा पर्म रद्द ठरला, तरच ती तारीख जाते. एरवी ती तुमचीच राहते, कंपनीने रागाने आय-१४० मागे घेतला तरीही. मंजुरीला १८० दिवस उलटून गेले असतील, तर नुसत्या माघारीने तो रद्दही होत नाही आणि त्याच्या आधारे सहा वर्षांपुढची मुदतवाढ नव्या कंपनीतही मिळते. नव्या कंपनीला पर्म आणि आय-१४० पुन्हा करावे लागतात, त्यात वेळ जातो, ते खरं. पण रांगेत तुम्ही जुन्याच जागी उभे असता.

आय-१४० अजून मंजूर नसेल, तर मात्र मेसेज बरोबर आहे. नुसता पर्म दाखल करून सोडलंत तर हाती काही उरत नाही. अशा वेळी काही महिने कळ काढण्यात शहाणपण आहे.

बॉण्डबद्दल, म्हणजे मुदतीआधी सोडलं तर पैसे भरीन अशा कराराबद्दल, मला राग आहे, कारण माझ्या पहिल्या कंपनीने मला तोच दाखवून दोन वर्षं बसवून ठेवलं. कायदा असा: मुदतीआधी नोकरी सोडली म्हणून दंड घेता येत नाही. पिटिशनसोबत भरायची ७५० किंवा १,५०० डॉलरची ट्रेनिंग फी कोणत्याही वाटेने कामगाराकडून वसूल करता येत नाही. खऱ्या नुकसानाची रास्त भरपाई राज्याच्या कायद्यानुसार मागता येते, पण ती आणि दंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोजेक्ट नाही म्हणून बेंचवर बसवलं, तरी ठरलेला पगार द्यावाच लागतो. दिला नाही, तर बारा महिन्यांच्या आत कामगार खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे तक्रार करता येते.

नोकरी गेली तर त्याच दिवशी निघावं लागतं, हेही खोटं. जानेवारी २०१७ पासून ६० दिवसांपर्यंत सवलत आहे, अर्थात मुक्कामाची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढीच. त्या काळात काम करता येत नाही, पण नवी कंपनी पिटिशन भरू शकते किंवा स्टेटस बदलायचा अर्ज टाकता येतो. मोजणी साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवसानंतर सुरू होते, सेव्हरन्सचा, म्हणजे नोकरी जाताना मिळणाऱ्या पैशांचा, चेक आला त्या दिवसापासून नाही. इथे बरेच जण चुकतात. आणि कंपनीने तुम्हाला मुदतीआधी काढलं, तर मायदेशी परतीच्या प्रवासाचा रास्त खर्च तिने द्यायचा असतो. हे मागायचं असतं हेच कित्येकांना ठाऊक नाही.

हे सगळं एच-वनचं. पुण्याहून एल-वनवर, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर, आलेल्यांना त्याच व्हिसावर दुसऱ्या कंपनीत जाता येत नाही, त्यांना लॉटरीतूनच जावं लागतं. विद्यापीठाच्या, वार्षिक जागांच्या कोट्याबाहेरच्या एच-वनवरून खासगी कंपनीत जाणाऱ्यांनाही तेच, आधी कधी कोट्यात मोजले गेले नसतील तर.

त्या दिवशी टेबलावर आम्ही त्या मुलाचे कागद मांडले. आय-७९७ च्या, म्हणजे मंजुरीच्या पत्राच्या, खालच्या कोपऱ्यातला, कापून पासपोर्टात ठेवायचा आय-९४ चा (मुक्कामाची मुदत सांगणारा) तुकडा त्याने पाच वर्षांत कधी वाचलाच नव्हता. त्यावरच्या तारखेनुसार अजून चौदा महिने होते. आय-१४० दोन वर्षांपूर्वी मंजूर झालेला. प्रत त्याच्याकडे नव्हती, एचआरने "तो कंपनीचा कागद आहे" म्हणून दिली नव्हती. पण त्यांच्या एका जुन्या ईमेलमध्ये रिसीट नंबर होता. तो नव्या कंपनीच्या वकिलाला पाठवला, आणि प्रतीसाठी माहितीच्या कायद्याखालचा अर्ज इमिग्रेशन खात्याच्या साइटवर तिथल्या तिथे भरला. चहा गार झाला होता. तो म्हणाला, "दादा, उद्या सकाळी ऑफरला हो म्हणून कळवतो."