पीएसए 6, वय 78

मुंबईत म्हाताऱ्या माणसाच्या तपासण्यांवरून घरात जुंपली की गाडी हमखास ‘कट प्रॅक्टिस’वर, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरांना मिळणाऱ्या कमिशनवर येते. 2017 साली राज्य सरकारने त्याविरुद्ध कायद्याचा मसुदाही केला होता. कमिशनचा प्रश्न खराच. पण मुलुंडच्या आजोबांची बायोप्सी झालीच पाहिजे, हा हट्ट पुष्कळदा आम्हा परदेशस्थ मुलांचा असतो, आणि आम्हाला कुणी कमिशन देत नाही.

पीएसएचंच घ्या. फुल बॉडी पॅकेजात प्रोस्टेट कॅन्सरच्या शंकेसाठीची ही रक्ततपासणी न मागता येते. 78 व्या वर्षी आकडा 6 आला की घर हादरतं. वयाबरोबर प्रोस्टेट वाढते, तसा आकडाही वाढतो. लघवीचं इन्फेक्शन झालं असेल तर आणखीच. ते बरं झाल्यावर सहा आठवडे थांबून पुन्हा रक्त द्यायचं, ही पहिली पायरी. नेमकी तीच गाळली जाते. उलट प्रोस्टेट आकसवणारी फिनास्टेराइड ही गोळी सहा महिने चालू असेल तर आकडा जवळपास निम्मा दिसतो. लॅबला हे कुणी सांगत नाही. पुढे एमआरआय, मग बायोप्सी. त्यासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवायच्या, तर हृदयातल्या स्टेंटचं काय? नंतर ताप, रक्तस्राव, लघवी अडकणं. एवढं करून सापडलेला कॅन्सर या वयात पुष्कळदा इतका संथ असतो की नुसता नजरेखाली ठेवतात. तक्रार नसेल तर सत्तरीनंतर ही चाचणी नको, असं अमेरिकेची 2018 ची शिफारस सांगते. लघवीतून रक्त किंवा न थांबणारी हाडदुखी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ‘वय झालं’ म्हणून टाळणं चूक.

आणि संमती कुणाची? ब्रिटन काही स्वर्ग नव्हे, तारखेसाठी महिने जातात. पण समज शाबूत असलेल्या आईच्या वतीने मुलाला तिथे सही करता येत नाही. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या समीरा कोहली खटल्यात संमती रुग्णाचीच मानली, आणि तपासणीला दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही, असं बजावलं. तरी रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आधी न्यू जर्सीला पोचतो, आजोबांना तो जेवणानंतर कळतो.

बायोप्सीची तारीख घेण्याआधी फॅमिली डॉक्टरांसमोर आजोबांनाच विचारा: रिपोर्ट वाईट आला तर रेडिएशनसाठी आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे परळला जाल का? ‘नाही’ म्हणाले तर ते केसपेपरवर लिहून घ्या, खाली गोळ्यांची यादी जोडा, आणि फोटो आम्हाला पाठवा. ओरडायचं तर आम्ही आजोबांवर ओरडू, डॉक्टरांवर नाही.