‘गॅसवर लाल करा, चेसिस सरळ होते’: हा मेसेज पुढे पाठवू नका

‘ठोकलेली गाडी शोरूमला देऊ नका, लुटतात’ अशी सुरुवात असलेला लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. काल तो मावशीने पाठवला. मावसभावाची गाडी समोरून ठोकली आहे आणि गॅरेजमध्ये गॅसचा टॉर्च पेटायच्या बेतात आहे, म्हणून घाईने लिहितोय.

सगळ्यात घातक वाक्य हे: ‘चेसिस म्हणजे शेवटी लोखंडच. लाल करून ओढली की सरळ होते, वर तापवल्याने आणखी कडक होते.’ साफ चूक. जुन्या जीपची शिडीसारखी चेसिस जाड, साध्या पोलादाची होती. तिथे हे खपून जायचं. आजच्या बहुतेक कारना वेगळी चेसिसच नसते. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा, आणि त्यातले पत्रे वेगवेगळ्या जातींचे. दाराचा बाहेरचा पत्रा मऊ असतो. मधला पिलर, म्हणजे पुढच्या-मागच्या दारांमधला उभा खांब, अनेक गाड्यांत बोरॉन पोलादाचा असतो. कारखान्यात तो साधारण 900 अंशांपर्यंत तापवून थंड साच्यात दाबतात आणि तिथेच झटक्यात गार करतात. त्यामुळे त्याची ताकद 1500 मेगापास्कलच्या आसपास जाते. साध्या पत्र्याची 300च्या घरात असते. हाच पिलर गॅसवर तापवून सावकाश गार होऊ दिला की ती ताकद गेली. रंग लागल्यावर काही ओळखू येत नाही, पण बाजूने धडक बसली की तो आत घुसतो आणि तिथे माणसाच्या बरगड्या असतात. असा पिलर ओढायचाही नसतो, कंपनीने ठरवलेल्या जोडावर काढून नवा लावायचा.

पुढच्या दोन लाँग मेंबरवर, म्हणजे इंजिनाच्या दोन बाजूंच्या लांब पोलादी दांड्यांवर, मुद्दाम खाचा असतात, धडकेत ते क्रमाने चुरगळावेत म्हणून. एअरबॅग कधी उघडायची याचं गणितही त्या चुरगळण्यावर बसवलेलं असतं. मेंबर तापवून मऊ केला किंवा वरून पट्टी मारून जाड केला, की ते बिघडतं. नुसता वाकला असेल तर थंडच ओढा. कागदासारखी घडी पडली असेल तर बदला. ओढतानाही गाडी बेंचवर, म्हणजे ती घट्ट धरणाऱ्या चौकटीवर, घेऊन, रनिंग बोर्डाखालची कड चार ठिकाणी पकडून थोडं ओढायचं, वाकलेल्या भागाभोवती हातोडीने ठोकायचं, साखळी सैल सोडून मोजायचं, मग परत. पत्रा थोडा मागे येतोच. सगळी मापं कंपनीच्या मापाच्या साधारण 3 मिलिमीटरच्या आत यायला हवीत.

‘वेल्डिंग केलं काय, चिकटवलं काय, सारखंच.’ टेक्सासचा खटला वाचा. 2010ची होंडा फिट, आपल्याकडे जाझ म्हणून विकली जायची तीच. गारांनी पोचलेलं छप्पर बदलताना वर्कशॉपने होंडाने सांगितलेल्या स्पॉट वेल्डऐवजी (ठिपक्याठिपक्यांनी केलेलं वेल्डिंग) ते नुसतं चिकटवलं. 2013मध्ये त्या गाडीचा अपघात झाला आणि आतलं जोडपं गंभीर जखमी झालं. त्यांनी ती गाडी जुनी म्हणून घेतली होती, छप्पर बदललंय याचा पत्ताही नव्हता. 2017मध्ये ज्यूरीने वर्कशॉपवर 3 कोटी 15 लाख डॉलरची जबाबदारी टाकली.

‘अलाइनमेंट लागली म्हणजे सांगाडा सरळ.’ नाही. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढे फक्त टो (वरून पाहता चाक आत-बाहेर किती वळलंय ते) फिरवता येतो. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) बसत नसेल तर काही जण स्ट्रटच्या (सस्पेन्शनचा उभा खांब) बोल्टची भोकं घासून लांबट करतात. मशीनच्या पडद्यावर आकडे हिरवे दिसतात, मेंबर वाकडा तो वाकडाच.

‘उरलेलं लांबीने भरून काढा.’ लांबीचा, म्हणजे पत्र्यावर भरायच्या पुट्टीचा, थर 2-3 मिलिमीटरच्या वर गेला की ती तडकते. आधी पत्रा जागेवर आणा.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य: काही वेळा गरज नसताना पॅनल बदलतात. मागच्या क्वार्टर पॅनलला (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा) साधा पोचा असेल तर तो स्पॉट पुलरने (पत्र्याला खिळा चिकटवून ओढायचं यंत्र) ओढून काढणंच चांगलं. कापला तर कारखान्याचे वेल्ड जातात, आणि नव्या जोडाला आतून गंजरोधक मेण मारलं नाही तर तो आतून गंजतो. विम्याचा क्लेम घेतला की नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दलची प्रीमियममधली सूट) जातो हेही खरं, पण तो फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर असतो, पूर्ण प्रीमियमवर नाही.

मावसभावाच्या गाडीचे फोटो पाहिले. डाव्या लाँग मेंबरला खाचेच्या मागे घडी पडली आहे. तो बदलायचाच.