विचारल्याशिवाय बोलू नये

इथे इंग्लंडमध्ये मी एका वृद्धाश्रमात नर्स आहे. रुजू झालो तेव्हा मिळालेल्या नियमावलीत एक ओळ होती: इथे राहणाऱ्यांनी विचारल्याशिवाय त्यांच्याशी आपल्या धर्माबद्दल बोलू नये, ‘तुमच्यासाठी प्रार्थना करू का’ असंही आपणहून म्हणू नये. मला हसू आलं. ज्या देशाचा राजाच चर्चचा प्रमुख, तिथे भारतातून आलेल्या ख्रिस्ती माणसाला गप्प राहायची ताकीद!

माझा धाकटा चुलतभाऊ भारतात एका चर्चच्या मंडळीत तरुणांमध्ये काम करतो. कुणाच्या घरी प्रार्थनासभा असली की हल्ली आधी शेजाऱ्यांचा अंदाज घ्यावा लागतो, असं तो सांगतो. त्याचं ठरलेलं वाक्य आहे, “दादा, तुझं बरं आहे. तिकडे भर चौकात सुवार्ता सांगितली तरी कोण अडवतंय?” चौकाचं त्याचं म्हणणं बरंचसं खरं आहे. नियमावलीची गोष्ट मी त्याला बरेच दिवस सांगितली नव्हती.

आपल्याकडचा धर्मांतराचा वाद दोन शब्दांभोवती फिरतो. एक बाजू म्हणते ‘प्रलोभन’, दुसरी म्हणते ‘कलम २५’. संविधानाच्या त्या कलमात धर्माचं आचरण आणि प्रसार करण्याचा हक्क आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं मांडणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. आमच्या लोकांना हा निकाल अजून सलतो. मला तितका सलत नाही (यावर घरी माझं कुणाशीच पटत नाही). मन पालटणं हे पवित्र आत्म्याचं काम, असं आपणच उपासनेत म्हणतो. मग ‘मी अमुक इतक्यांचं परिवर्तन केलं’ असा अहवाल कुठल्या तोंडाने पाठवायचा? बाप्तिस्म्यांची संख्या आणि फोटो देणगीदारांना पाठवणाऱ्या संस्थांनी आपल्या विरोधकांना जितकी सामग्री पुरवली, तितकी कुणीच पुरवली नसेल.

पण कायद्याची गाडी तिथे थांबली नाही. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे धर्म बदलू इच्छिणाऱ्याने ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. इथे प्रश्न सांगणाऱ्याचा उरतच नाही. ऐकणारा प्रौढ माणूस, मतदान करतो, कर्ज काढतो, पण देवाबद्दलचा निर्णय मात्र त्याने सरकारी कचेरीत कळवायचा.

युरोपात सगळं आलबेल आहे, असंही नाही. ग्रीसमध्ये १९३८ पासून असा कायदा आहे. गरज, भोळेपणा, अननुभव यांचा फायदा घेऊन कुणाला त्याच्या धर्मातून ओढायचं नाही. वाचताना आपल्याकडचाच मसुदा वाटतो. त्याखाली सापडले ते मिनोस कोक्किनाकिस, ‘यहोवाचे साक्षीदार’ या घरोघरी जाऊन प्रचार करणाऱ्या पंथाचे. साठहून जास्त वेळा अटक झालेला माणूस. १९८६ मध्ये ते एका घरी बोलायला गेले. ती बाई स्थानिक ऑर्थोडॉक्स चर्चमधल्या गायकाची पत्नी निघाली आणि प्रकरण कोर्टात गेलं. ख्रिस्ताचं नाव घेणाऱ्यांच्या देशात, ख्रिस्ताचंच नाव घेतलं म्हणून शिक्षा. १९९३ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण जाताजाता एक रेघ ओढली: साक्ष देणं वेगळं, दबाव आणून ओढणं वेगळं.

ही रेघ नेमकी कुठून जाते, ते मला कायद्याच्या पुस्तकात नाही, रात्रपाळीत कळलं. पहाटे तीनला ज्या आजींना कूस बदलायला मी लागतो, पाण्याचा पेला ज्यांच्या ओठांना मी लावतो, त्या मला ‘नको’ कशा म्हणतील? तिथे मी येशूचं नाव काढलं तर ती साक्ष राहत नाही. नियमावलीतल्या त्या ओळीवर मी आता हसत नाही. जुन्या मिशनांचे दवाखाने आणि शाळा यांनी केलेलं काम मी नाकारणार नाही. माझी आजी अशाच शाळेत शिकली. पण औषध देणारा हात आणि सुवार्ता सांगणारं तोंड एकाच माणसाचं असलं की समोरच्याचा होकार किती मोकळा, हा प्रश्न विरोधकांनी विचारला म्हणून खोटा ठरत नाही. ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांना तो आतून जाणवला असावा. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातली येशूची ती आज्ञा आपण नेहमी एकोणिसाव्या ओवीपासून वाचतो: जा, सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा. दोन ओव्या आधी लिहिलंय की त्या अकरा शिष्यांपैकी काहींना संशय होता. आणि मधल्या ओवीत सगळा अधिकार येशू स्वतःकडे ठेवतो. त्यांना फक्त जायला सांगतो. येशूचा शिष्य पेत्र तर आपल्या पत्रात म्हणतो, तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. म्हणजे आमची नियमावली पेत्राच्या फारशी विरोधात नाही. फरक एवढाच की पेत्राने गृहीत धरलंय, लोक विचारतील.

हे सगळं परवा चुलतभावाला फोनवर सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, “ठीक आहे दादा, आजींना नाही सांगितलंस. मग कुणाला सांगितलंस?”

२०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या ४६.२ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं, निम्म्याहूनही कमी. माझा शेजारी उरलेल्यांतला. तो माझ्यावर अवलंबून नाही, नोकरीचा नियम त्याला लागू नाही, अंगणाच्या कुंपणावर हात टेकून निवांत गप्पा मारतो. गेल्या रविवारी मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून निघालो तर त्याने आपणहून विचारलं, “दर रविवारी कुठे जातोस रे?”

मी म्हणालो, मित्रांकडे.