अपेक्षित आयुर्मान : कृपया आकडा भरा

रिटायरमेंट कॅल्क्युलेटर, म्हणजे निवृत्तीनंतर किती पैसे लागतील ते सांगणारा ऑनलाइन हिशोबनीस, नावाचा जो प्रकार आहे ना, तो खरं तर एकट्याने, दार लावून, रात्री अकरानंतर उघडायचा असतो. पण आमच्याकडे वायफायची रेंज फक्त डायनिंग टेबलाला, त्यामुळे रविवारी सकाळी पोह्यांच्या प्लेटा, आई, बाबा, बायको आणि क्लासला जायची टाळाटाळ करणारा मुलगा एवढ्या सगळ्यांच्या देखत माझं म्हातारपण उघड्यावर आलं.

वय 42, निवृत्ती 60, इथवर ठीक. मग विचारलं, सध्याचा महिन्याचा खर्च? मी 35 हजार टाकले. बायकोने लिंबू पिळता पिळता फक्त "त्यात दूध धरलंयस का?" एवढंच विचारलं. दूध नव्हतं. मग मेंटेनन्स नव्हता, कामवाल्या मावशी नव्हत्या, गाडीचा इन्शुरन्स नव्हता, आणि लग्नसराईतली आहेराची पाकिटं तर मी आयुष्यात कधी मोजलेलीच नाहीत कारण ती तीच भरते. आकडा 50 हजारांवर जाऊन थांबला. मी म्हटलं अगं साठीनंतर ह्याच्या क्लासची फी नसेल, त्यावर ती शांतपणे म्हणाली, "तेव्हा तुझे डॉक्टर असतील."

पुढचा चौकोन : अपेक्षित आयुर्मान.

मी आपलं 85 लिहिलं. आईने बघितलं आणि चमचा खालीच ठेवला. "सकाळी सकाळी काय अभद्र भरतोयस? 100 टाक." आता आईचं मन मोडायचं नाही म्हणून 100 टाकलं तर एकूण लागणारी रक्कम झाली 6 कोटी 85 लाख. 85 ला 4 कोटी 28 लाख. गुपचूप 75 करून बघितलं, 2 कोटी 57 लाख, म्हणजे दहा वर्षं आधी गेलो तर रोख पावणेदोन कोटींची बचत, एवढा फायदा कुठल्याच स्कीममध्ये नाही. पण बायको शेजारीच बसलेली. "आणि माझं काय? मी चार वर्षांनी लहान आहे तुझ्याहून, आणि आमच्याकडच्या बायका नव्वदीपर्यंत लोणची घालतात." परत 85.

बाबांना हा सगळा प्रकार कळेचना. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, पेन्शनवाले. "मला दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो, मी आहे एवढंच सांगायचं. कधी जाणार हे अजून कुणी विचारलं नाही." वर महागाई वाढली की महागाई भत्ता वाढतो, त्यामुळे महागाईची बातमी आमच्या घरात फक्त बाबा आनंदाने वाचतात. राज्य सरकारनेसुद्धा 1 नोव्हेंबर 2005 पासून नव्याने लागलेल्यांची ती जुनी पेन्शन बंद केली, मी तर प्रायव्हेटवाला. मला पीएफवाली पेन्शन. तिचं सूत्र मी मुलाला समजावून सांगितलं, पगार कितीही असो धरायचा 15 हजारच, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. नोकरी 35 वर्षं टिकली असं धरलं (आमच्या कंपनीत 35 वर्षं फक्त वॉटर कूलर टिकलाय) तर महिन्याला 7,500. मुलगा गणितात कच्चा म्हणून क्लास लावलाय, पण इथे लगेच म्हणाला, "म्हणजे दिवसाला 250? बाबा, पिझ्झा पण नाही येणार."

बाबांचा उपाय तयार होता. "पीपीएफमध्ये टाक, 12 टक्के देतात." पीपीएफ म्हणजे सरकारची 15 वर्षांची बचत योजना. देत होते हो, 2000 च्या जानेवारीपर्यंत. एप्रिल 2020 पासून 7.1 वर बसलंय, आणि वर्षाला दीड लाखाच्या वर घेतच नाहीत. 15 वर्षं दरसाल दीड लाख भरले की साधारण 40 लाख होतात, त्यातही पैसे महिन्याच्या 5 तारखेच्या आत पडले पाहिजेत नाहीतर त्या महिन्याचं व्याज गेलं. चाळीस लाख वाईट नाहीत, फक्त पुढे 3 कोटी 88 लाख उरतात.

आता मुख्य गंमत. आजचे 50 हजार, महागाई 6 टक्के धरली की 18 वर्षांनी होतात 1 लाख 42 हजारांच्या वर. ते दर महिन्याला 25 वर्षं पुरवायचे (निवृत्तीनंतरचं व्याज आणि महागाई सारखीच धरून) म्हणून ते 4 कोटी 28 लाख. आणि ते जमवायला, 12 टक्के परतावा मिळेलच अशा भोळ्या आशेवर, महिन्याची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला दरमहा हप्ता, किती? 56 हजार! म्हणजे खर्च 50 आणि बचत 56. साठीनंतर जेवायचं असेल तर आजपासून जेवण बंद, शिवाय वरचे 6 हजार कुणाकडून तरी उसने.

खाली एक स्टेप-अपचं बटण होतं. दरवर्षी हप्ता 10 टक्के वाढवा, मग सुरुवात फक्त 30 हजारांनी. हे जरा माणसात आल्यासारखं वाटलं. मग शेवटच्या वर्षीचा हप्ता बघितला, दीड लाख. दरवर्षी 10 टक्के वाढ हे वाचून बायको इतकी हसली की तिला ठसका लागला, माझं गेल्या वेळचं इन्क्रिमेंट तिला माहितीये.

रिपोर्टसाठी मोबाइल नंबर मागितला होता तो मी दिला, त्यामुळे मंगळवारी एका मुलाचा फोन आला. सर, आधी तुमचं रिस्क प्रोफाइल काढूया, म्हणजे तुम्ही किती जोखीम झेलू शकता ते. मार्केट 20 टक्के पडलं तर काय कराल? मी म्हटलं, आणखी घेईन. फोन स्पीकरवर होता. बायको स्वयंपाकघरातून, "23 मार्च 2020 ला सेन्सेक्स 3,935 पॉइंटांनी पडला, ह्याचा एक रुपया नव्हता त्यात, तरी हा रात्रभर जागा होता. मोबाइलला दोन कव्हरं घालतो हा माणूस."

पलीकडे जरा शांतता. "मॅडम, तुमचंच प्रोफाइल करू का?"

तिचं अग्रेसिव्ह आलं, म्हणजे भरपूर जोखीम झेलणारं. एसआयपी तिच्या नावाने सुरू झालीये, 10 हजारांची. तिसऱ्याच्या खात्यातून पैसे चालत नाहीत म्हणे, म्हणून आमच्या जॉइंट खात्यातून जातात. त्या खात्यात पगार फक्त माझाच येतो.