मालखान्यातलं सोनं
ड्युटीवरच्या पोलिसाचा गुन्हा त्याचा एकट्याचा, मग त्याची भरपाई सरकारने का भरावी, असं एका लेखाचे लेखक विचारतात. १९४७ साली मेरठ पोलिसांनी अमृतसरच्या सराफी पेढीचं शंभरावर तोळे सोनं आणि चांदी जप्त केली. हेड कॉन्स्टेबल सोनं घेऊन थेट पाकिस्तानात पसार! परत मिळाली ती फक्त चांदी. वर्दी सरकारची, मालखाना (जप्त माल ठेवायची पोलिसांची कोठी) सरकारचा, पण पेढीच्या दाव्यावर १९६४ च्या कस्तुरीलाल निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं, जप्ती हे सार्वभौम काम, म्हणजे फक्त राज्यसत्तेनेच करायचं काम, त्यात सरकार देणं लागत नाही. (कायदा करा, असंही सुचवलं होतं. ऐकतंय कोण!) १९९३ ला नीलाबती बेहेरा प्रकरणात कोठडीतल्या मृत्यूबद्दल ओडिशा सरकारला दीड लाख द्यावे लागले, तेही दिवाणी दाव्याने नव्हे, घटनेतल्या मूलभूत हक्कांच्या वाटेने. दिवाणी दावा लावणाऱ्याच्या वाटेत कस्तुरीलालची धोंड आहेच.