बहिरे व्हा, पण भरपाई मागू नका

कापूस आला, जिनिंग म्हणजे रुईतून सरकी काढायचे कारखाने सुरू झाले, की यंत्रांच्या आवाजाने कामगारांचे कान जाणारच. त्याचं काही नाही. पण कान गेल्यावर काही जणांना भरपाई मागायची दुर्बुद्धी सुचते. ती सुचली तरी साधू नये, अशी तजवीज दिवाळीपासूनच करून ठेवा.

हजेरीकार्ड मागू नका. एकाच मालकाकडे सलग सहा महिने काम दाखवता आलं, तर आवाजाने आलेला बहिरेपणा कायदा कामाचाच आजार धरून चालतो. सहा महिने भरले नाहीत, तर तो कामावरच्या एखाद्या ठरावीक अपघातानेच आला हे सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर. अर्धं काम आपला हंगामच करतो, तो चार-पाच महिन्यांत आटोपतो. उरलेलं मुकादम करेल: थोडे दिवस हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये, थोडे दिवस वणीच्या. दुसऱ्या मालकाकडचे दिवस यात मोजत नाहीत, आहे ना सोय!

कानात रुई कोंबा. फुकट मिळते, आवाज फारसा अडत नाही आणि शेठलाही समाधान. 90 डेसिबल आवाजात दिवसाला जास्तीत जास्त आठ तास, 95 ला चारच तास, असा नियम आहे म्हणे. पण डेसिबल मोजायचं यंत्र आणायला सांगून वातावरण कशाला बिघडवता?

कानांच्या तपासणीला जायचंच असेल, तर रात्रपाळी संपवून थेट जा. पाळीनंतर काही तास कान तसाही सुन्न असतो, मग 'हे तात्पुरतं आहे' म्हणायला मालकाच्या वकिलाला जागा मिळते. सोळा तास शांततेत काढून गेलात आणि ऐकण्याच्या आलेखात 4000 हर्ट्झच्या बारीक सुराला खड्डा पडून त्याहून बारीक 8000 ला रेघ पुन्हा सुधारलेली दिसली, तर मात्र घोटाळा: ती आवाजाने गेलेल्या कानाची खूण. वयाचा बहिरेपणा सहसा असा दिसत नाही, त्यात रेघ खालीच जात राहते.

मालकाला लेखी कळवणं तर टाळाच. बहिरेपणात माणूस कामावर येतच राहतो, त्यामुळे दावा लावायची दोन वर्षांची मुदत त्या लेखी नोटिशीपासून मोजतात. तोंडी सांगा, तेही रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, चालू असताना.

हिशेब करू नका. वय 40, पगार 12,000, कमाईची क्षमता 30 टक्के गेली असं डॉक्टरांनी लिहिलं, तर 12,000 च्या 60 टक्क्यांना 184.17 ने (कायद्यातला 40 वयाचा गुणक) गुणून त्याचे 30 टक्के: जवळपास 3 लाख 98 हजार. त्यापेक्षा मुकादमाने आणलेल्या स्टॅम्पपेपरवर 'माझी काही तक्रार नाही' म्हणून अंगठा द्या, हजार रुपये आणि चहा घ्या. हक्क सोडल्याचा असा कागद कायद्याने रद्दबातल असतो, पण ते मुकादमाला माहीत आहे, तेवढं पुरे.